यादी, शाई आणि पंचेचाळीस दिवस

मतदानाच्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास एक आजी केंद्रावर आल्या. जिल्हा परिषद शाळेतली चौथीची खोली, भिंतीवर पाढे रंगवलेले, खिडकीपाशी पोलिंग एजंट पेंगुळलेले. मी केंद्राध्यक्ष होतो. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने यादीवर बोट फिरवलं आणि एका ओळीवर ते थांबलं. आजींच्या नावाखाली रेघ होती आणि शेजारी बरोबरची खूणही. मतदान करून गेलेल्या प्रत्येकाच्या नावाखाली रेघ मारतात, बाई असेल तर शेजारी ती खूण करतात. म्हणजे हिशेबाने आजी मत देऊन गेल्या होत्या.

“तुमचं झालंय मत.”

“माझं? अहो, मी आत्ता येतेय शेतातून.” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांवर मातीचे काळे डाग होते, शाई नव्हती.

सोबतचा मुलगा म्हणाला, “चल आई, नसेल नशिबात.” आजी वळल्याही होत्या. त्या तशाच गेल्या असत्या तर कायद्याच्या लेखी काहीच घडलं नसतं. मी त्यांना थांबवलं, ओळखपत्र पाहिलं, नवऱ्याचं नाव आणि घराचा ठावठिकाणा विचारला, खातरी झाल्यावर कागदी मतपत्रिका दिली आणि नमुना १७-ब मध्ये अंगठा घेतला. याला ‘प्रदत्त मत’ म्हणतात. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ४९-पी हा नियम. असं मत यंत्रात जात नाही, वेगळ्या पाकिटात बंद होतं. जाताना आजींनी विचारलं, “हे मोजणार ना?” खरं उत्तर होतं, ‘एरवी नाही.’ ते पाकीट कधी उघडू शकतं, हे शेवटी सांगतो. तिथवर पोचायला आधीचा रस्ता माहीत हवा.

आपल्याकडे निवडणुकीचा कायदा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आचारसंहिता आणि नाकाबंदी येते. मतदाराच्या बाजूने पाहिलं तर तो मुख्यतः तारखांचा कायदा आहे. हक्क भरपूर आहेत, पण प्रत्येकाला मुदत आहे, आणि योग्य दारात, योग्य दिवशी, कागदावर मागितला तरच तो मिळतो. त्यामागे घटनेचंच एक कलम आहे. ३२४ ते ३२९ ही निवडणुकीची कलमं. ३२४ ने देखरेख आणि नियंत्रण निवडणूक आयोगाकडे दिलं, ३२६ ने प्रौढ मतदानाचा हक्क दिला (१९८९ पासून वय २१ वरून १८ वर आलं). आणि ३२९ ने सांगितलं की निवडणुकीला आव्हान द्यायचं तर ते निवडणूक याचिकेनेच. नमक्कलच्या पोन्नुस्वामींचा उमेदवारी अर्ज पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत फेटाळला गेला आणि ते न्यायालयात धावले. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली त्यांना सांगितलं की अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया म्हणजे ‘निवडणूक’. मध्येच थांबवता येणार नाही, निकालानंतर या. आजही पायंडा तोच आहे. म्हणून ज्याला काही दुरुस्त करून घ्यायचं आहे त्याने ते आधी करावं, किंवा नंतर लढण्यासाठी त्या दिवशी पुरावा तयार करावा.

एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका राज्य निवडणूक आयोगाकडे. ही दोन वेगळी घटनात्मक कार्यालयं आहेत, एकाचं दुसऱ्याला बंधन नाही. प्रभागाच्या यादीतली चूक घेऊन लोक दिल्लीला ईमेल करतात आणि उत्तर येत नाही म्हणून चिडतात. स्थानिक निवडणुकांसाठी विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडून वापरतात, त्यामुळे मूळ यादीत नाव नसेल तर प्रभागातही येणार नाही. पण चुकून शेजारच्या प्रभागात गेलं असेल तर ती हरकत स्थानिक पातळीवर, प्रारूप यादीच्या मुदतीतच द्यावी लागते.

यादीचं काम निवडणूक नसताना

लोकप्रतिनिधित्व अधिनियम दोन आहेत. १९५० चा यादीचा आणि जागांचा, १९५१ चा प्रत्यक्ष निवडणुकीचा. वर्तमानपत्रांत दुसरा गाजतो. सामान्य माणसाचं मत मात्र पहिल्यात हरवतं.

नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी किंवा कुणाच्या नावावर हरकत घेण्यासाठी नमुना ७, पत्ता बदलणं, चूक दुरुस्त करणं, ओळखपत्र पुन्हा काढणं यासाठी नमुना ८. एवढे तीन लक्षात ठेवले तरी पुरे. घर बदललेल्याने पुन्हा नमुना ६ भरू नये. नाव दोन ठिकाणी पडतं, आणि तेव्हापासून तुम्ही नकळत कायद्याच्या चुकीच्या बाजूला असता. कलम १७ आणि १८ प्रमाणे एका माणसाचं नाव एकदाच, एकाच मतदारसंघात. आणि अर्जातल्या खोट्या प्रतिज्ञेसाठी कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

हे सगळ्यात जास्त लागू पडतं ते आपल्या चाकरमान्यांना. डोंबिवलीत वीस वर्षं राहायचं आणि नाव मात्र कोकणातल्या वाडीवर, कारण ‘घर आपलं तिकडे आहे.’ कलम २० स्पष्ट म्हणतं की एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे, एवढ्यानं माणूस तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. जिथे तुम्ही एरवी राहता, झोपता, जिथून कामाला जाता, तिथे नाव हवं. तात्पुरतं बाहेर गेल्याने मात्र रहिवास मोडत नाही. बीडहून पुण्याला शिकायला आलेली मुलगी वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव घालू शकते किंवा गावचं नाव ठेवू शकते. दोन्ही नाही.

वयाची अट पूर्वी फक्त १ जानेवारीला मोजत. फेब्रुवारीत अठरा पूर्ण करणारा पोरगा पुढच्या वर्षापर्यंत लटकायचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. बारावीच्या वर्गशिक्षकांनी हे एकदा फळ्यावर लिहिलं तरी बरंच काम होईल.

आता मुदत. अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या मतदारसंघाच्या यादीत नवं नाव चढत नाही. अर्ज आल्यावर हरकतींसाठी सात दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणून प्रत्यक्षात तो या तारखेच्या दहाएक दिवस आधी पोचलेला असावा लागतो. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ‘साहेब, काहीतरी करा’ म्हणून येणाऱ्यांसाठी कुणीच काही करू शकत नाही, अगदी आयोगही नाही. गेल्या खेपेला मत दिलं होतं, ओळखपत्र खिशात आहे, हे काहीच उपयोगाचं नाही. ओळखपत्र म्हणजे ओळख. हक्क यादीतल्या नावाने येतो. आयोगाच्या ॲपवर किंवा १९५० या क्रमांकावर नाव तपासायला पाच मिनिटं लागतात. ती वर्षातून एकदा काढावीत, आणि नावासोबत भाग क्रमांक आणि अनुक्रमांकही वहीत टिपून ठेवावेत. केंद्रावर यादी शोधताना चेहरा नाही, क्रमांक कामाला येतो.

नाव वगळलं गेलं तर? मतदार मरण पावला असेल तो प्रसंग सोडून, ‘इथे राहत नाही’ अशा कारणाने नाव काढण्याआधी मतदार नोंदणी अधिकाऱ्याने तुमचं म्हणणं मांडायची वाजवी संधी दिली पाहिजे, असं कलम २२ सांगतं. नोटीस दाराला चिकटवून गेले आणि तुम्ही गावाला होतात, असंही होतं. म्हणून बीएलओचा (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचा) फोन नंबर जवळ असलेला बरा. बीएलओ बहुधा तुमच्याच भागातले शिक्षक, तलाठी किंवा अंगणवाडी सेविका असतात. नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर कलम २४ प्रमाणे पहिलं अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे, पंधरा दिवसांत. तिथे नाही पटलं तर दुसरं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे, तीस दिवसांत. अपील करायला लेखी आदेश लागतो. ‘तोंडी सांगितलं, होणार नाही म्हणून’ यावर अपील होत नसतं, म्हणून अर्जाची पोच आणि आदेशाची प्रत मागून घ्यावी. न लाजता.

गोव्यातल्या वाचकांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विशेष सखोल पुनरीक्षणाच्या दुसऱ्या टप्प्यात जी बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश घेतले त्यांत गोवा होता. यादी नव्याने बांधली जाते तेव्हा जुनं नाव आपोआप पुढे येईल असं धरून चालू नये.

परदेशातल्या मराठी मंडळींकडूनही दरवेळी तोच प्रश्न येतो. भारतीय पासपोर्ट असेल आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसेल, तर नमुना ६-ए भरून पासपोर्टातल्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव घालता येतं. पण मत द्यायला विमानाने यावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन. टपालाने नाही, प्रतिनिधीमार्फतही नाही. ओसीआय कार्डवर मत नाही. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून नाव नोंदवलेल्या किती जणांना सुट्टी आणि तिकीट जमतं, याचं उत्तर उघड आहे; हा हक्क २०११ पासून आहे, पण वापरायला महाग आहे.

घोषणा आणि अधिसूचना

आयोगाची पत्रकार परिषद झाली की त्या क्षणापासून आदर्श आचारसंहिता लागू होते. हा कायदा नाही, पक्षांच्या संमतीने बनलेली नियमावली आहे. केरळात १९६० च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी तिचं पहिलं रूप पुढे आलं. तिच्यातली बरीच कलमं मात्र इतर कायद्यांतही आहेत, त्यामुळे ‘आचारसंहितेला दात नाहीत’ हे अर्धंच खरं. मत मागण्यासाठी पैसे देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे लाचेचा गुन्हा आहे आणि १७३ प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. घेणाराही गुन्हेगारच. पाकीट घेऊन मत दुसऱ्याला दिलं तरी सुटका नाही.

तक्रारीसाठी सी-व्हिजिल ॲप आहे. फोटो किंवा व्हिडिओ तिथल्या तिथे काढून पाठवायचा, ठिकाण आपोआप नोंदलं जातं आणि शंभर मिनिटांत कारवाईची स्थिती कळावी अशी अपेक्षा आहे. व्हॉट्सॲपवर आलेला जुना व्हिडिओ त्यात चालत नाही, आणि ते बरंच आहे.

अधिसूचना ही वेगळी तारीख. तिच्यापासून घड्याळ धावू लागतं. सातव्या दिवशी अर्ज बंद, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते, आणि माघारीनंतर किमान चौदा दिवसांनी मतदान. वय ८५ हून जास्त असलेले आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेले मतदार घरून मत देऊ शकतात, पण त्यासाठी नमुना १२-डी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. पाच! घरोघरी ही मुदत निघून गेल्यावर आठवते आणि मग आजोबांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून उतरवायची वेळ येते. एकदा घरून मताचा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

याच काळात व्यापारी आणि शेतकरी नाक्यांवर अडकतात. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा कार्यकर्ता ज्या गाडीत आहे तिच्यात ५०,००० रुपयांहून जास्त रोख सापडली तर भरारी पथक ती जप्त करू शकतं. साध्या माणसाचीही झडती होते आणि कागद नसले की रक्कम अडकून पडते. कांद्याची पट्टी, बाजार समितीची पावती, बँकेतून काढल्याची नोंद, लग्नाची पत्रिका, जे असेल ते सोबत ठेवा. जप्ती झालीच तर पावती घ्या आणि जिल्हा पातळीवरच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. रकमेचा निवडणुकीशी संबंध नसेल तर ती सोडायचं काम याच समितीचं, आणि त्यासाठी न्यायालयात जावं लागत नाही. ज्या अधिकाऱ्याने गाडी अडवली त्याच्याशी रस्त्यावर वाद घालून पैसे सुटलेले मी तरी पाहिले नाहीत.

उमेदवारांबद्दल थोडक्यात. लोकसभेला वय किमान २५, अनामत २५,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२,५००), आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. मान्यताप्राप्त पक्षाला एक सूचक, इतरांना दहा. खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात ९५ लाख, गोव्यात ७५ लाख. पण ती उमेदवाराच्या खर्चाला, पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. या एका भोकातून सगळी गाळणी वाहून जाते, असं माझं मत.

मतदाराच्या हाती असलेली खरी गोष्ट म्हणजे नमुना २६, उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र. २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी ते आपल्याला मिळवून दिलं. त्यात उमेदवारावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, जोडीदाराच्या नावावरचं सगळं असतं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या फलकावर लागतं, संकेतस्थळावरही. वाचताना एक युक्ती सांगतो: आकड्याच्या बेरजेपेक्षा मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा. पाच वर्षांत कुठलं शेत कुठल्या नावावर गेलं ते दिसतं. गुन्ह्यांच्या रकान्यात नुसता खटला आणि दोषसिद्धी यांत फरक करा. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे अपात्रता शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षं राहते. अपील दाखल करून पद टिकवण्याची पळवाट १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालाने बंद झाली.

केंद्रावरचा दिवस

मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा कलम १३५-बी ने दिलेला हक्क आहे, रोजंदारीवरच्यालाही. न देणाऱ्या मालकाला दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत. आकडा वाचून हसू येतं, पण कलम दाखवून सुट्टी मागणाऱ्याला सहसा नाही म्हणत नाहीत.

मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, हे अजून अनेकांना माहीत नाही. ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड अशी आयोगाने ठरवलेली कागदपत्रं चालतात. मूळ प्रत हवी, मोबाइलमधला फोटो नको. मोबाइल तर आत नेऊच नये. मत देतानाचा फोटो काढून स्टेटसला ठेवणारा गुप्ततेचा भंग करतो, आणि केंद्राध्यक्षाला अशा मतदाराला मत देण्यापासून थांबवता येतं.

केंद्रावर काय काय बिघडू शकतं आणि तेव्हा काय म्हणायचं, ते नीट सांगतो, कारण इथे दोन मिनिटांत निर्णय होतो.

तुमचं नाव अनुपस्थित-स्थलांतरित-मृत अशा यादीत गेलेलं असू शकतं. आम्ही त्याला एएसडी यादी म्हणतो. या यादीत असल्याने मत जात नाही. केंद्राध्यक्ष तुमची ओळख जास्त कसून तपासतो, सही आणि अंगठा घेतो आणि मत देऊ देतो. ‘तुम्ही मयत आहात’ असं ऐकून परत जाऊ नका. एजंटाने ‘हा तो नव्हेच’ अशी हरकत घेतली तर त्याला आधी दोन रुपये भरावे लागतात आणि केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करून निर्णय देतो. हे दोन रुपये १९६१ चेच असावेत असं वाटतं. पावती मात्र आजही फाडावी लागते.

तुमच्या नावाने कुणी मत देऊन गेलं असेल तर आजींसारखं प्रदत्त मत मागा. नियम ४९-पी, एवढे शब्द पुरतात. दृष्टी नसलेल्या किंवा अशक्त मतदाराला अठरा वर्षांवरचा सोबती आत नेता येतो. एक सोबती एका दिवसात एकाच मतदाराचा. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. दाबलं एक आणि दिसलं दुसरं, अशी खातरी असेल तर नियम ४९-एमए खाली लेखी प्रतिज्ञा देऊन चाचणी मत मागता येतं. एजंटांसमोर पुन्हा बटण दाबलं जातं. चिठ्ठी बरोबर निघाली तर खोट्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकते, आणि केंद्राध्यक्षाने ते आधी समजावून सांगायचं असतं. म्हणून रागाच्या भरात नव्हे, डोळ्यांनी नीट पाहिलं असेल तरच.

वेळ संपताना रांगेत असाल तर घाबरू नका. शेवटच्या माणसापासून पुढे क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात आणि चिठ्ठी असलेल्या प्रत्येकाचं मत होतं, रात्रीचे दहा वाजले तरी.

नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणी नाही’, याबद्दल दोन शब्द. २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने ते बटण आलं. २०२४ मध्ये इंदूरला नोटाला दोन लाखांहून अधिक मतं पडली; ती सर्वाधिक असती तरी निवडून आला असता तो उमेदवारच, कारण लोकसभेत नोटाला जिंकण्याची सोयच नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी वेगळा आदेश काढला. तिथे नोटा सर्वाधिक असेल तर फेरनिवडणूक. एकाच बटणाचा अर्थ दोन निवडणुकांत दोन.

यंत्रावर चहाच्या टपरीपासून संसदेपर्यंत वाद चालतो, त्यात मी पडत नाही. फक्त एक जुनी गोष्ट सांगतो. १९८२ साली केरळातल्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर पहिल्यांदा यंत्रं वापरली. हरलेल्या ए. सी. जोस यांनी यंत्र बिघडलं की नाही यापेक्षा वेगळाच मुद्दा पुढे केला: कायद्यात तर मतपत्रिका लिहिलंय. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला आणि त्या केंद्रांवर कागदाने फेरमतदान झालं. मग कलम ६१-ए आलं आणि यंत्राला कायद्यात जागा मिळाली. आयोगाला अधिकार अफाट असले तरी कायद्यात एक लिहिलेलं असताना तो दुसरं करू शकत नाही, हे त्या एका मतदारसंघातल्या प्रकरणाने ठरवलं.

निकालानंतर

आता आजींच्या पाकिटाकडे. प्रदत्त मतं मतमोजणीत धरत नाहीत. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका झाली आणि फरक इतका कमी असला की ही मतं निकाल फिरवू शकतील, तरच त्यांचा विचार होतो. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारा इथे निकाल एका मताने लागला होता, आणि प्रकरण न्यायालयात गेल्यावर प्रदत्त मतांचाच कीस पडला. आपल्याकडे २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. पराभूत उमेदवाराच्या याचिकेतही प्रदत्त मतांचा मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती फेटाळली. त्रुटी होती एवढं म्हणणं पुरत नाही, तिने निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे तपशिलाने मांडावं लागतं. आणि तो तपशील मतदानाच्या दिवशीच्या नमुन्यांतून येतो: १७-अ ची नोंदवही, १७-ब ची प्रदत्त मतांची यादी, १७-क चा मतांचा हिशेब. १७-क ची प्रत केंद्राध्यक्षाने प्रत्येक एजंटाला द्यायची असते. दिवसभर बसलेला एजंट संध्याकाळी ती न घेताच जेवायला निघून जातो, हे मी प्रत्येक वेळी पाहिलंय.

याचिका फक्त उमेदवारच करू शकतो असं नाही. १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ८१ प्रमाणे त्या मतदारसंघातला कोणीही मतदार करू शकतो. राजनारायण यांच्या याचिकेवर १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने तेव्हाच्या पंतप्रधानांची निवड रद्द केली, ती याच अधिनियमाखाली. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मतं मागितल्याचं प्रकरणही याच वाटेने गेलं आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द केल्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केलं. आठ वर्षं! कायदा म्हणतो की उच्च न्यायालयाने शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यावा. ‘शक्यतो’ या शब्दात बरंच काही मावतं.

मतदाराला मात्र कुठेही ‘शक्यतो’ नाही. याचिकेला निवड जाहीर झाल्यापासून ४५ दिवस, एक दिवसही जास्त नाही. ४ जून २०२४ चा निकाल असेल तर १९ जुलै. हाच आकडा इतरत्रही येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालाप्रमाणे चिन्हं भरण्याची एककं ४५ दिवस सील करून ठेवायची असतात, आणि मे २०२५ मधल्या आयोगाच्या सूचनेप्रमाणे याचिका नसेल तर केंद्रावरचं सीसीटीव्ही चित्रणही ४५ दिवसांनंतर नष्ट करता येतं. डिसेंबर २०२४ च्या नियमबदलानंतर ते चित्रण सामान्य माणसाला मागून मिळतही नाही. मला हा बदल पटलेला नाही, पण आज नियम तो आहे. यंत्राच्या मेमरीची तपासणी दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मागता येते, तीही सात दिवसांत.

याचिकेसोबत २,००० रुपये अनामत न्यायालयात भरावी लागते. जितके प्रतिवादी तितक्या प्रती जोडायच्या, आणि प्रत्येक प्रतीवर ‘खरी नक्कल’ म्हणून याचिकाकर्त्याने स्वतःची सही करायची, वकिलाची चालत नाही. या बाबी चुकल्या तर कलम ८६ प्रमाणे याचिका दारातच फेटाळली जाते, आतला मजकूर कितीही खरा असला तरी.

आजींच्या मतदारसंघात तेव्हा फरक मोठा होता. कुणी याचिका केली नाही, पाकीट सीलबंदच राहिलं.